फोटोवरून मिजमाश्या ओळखणे: कुठवर जाता येतं? (सोलापूर परिसर)

एकरुखकर

पाऊस उघडल्यापासून तळे हिप्परग्याच्या बाजूला भिंतींवर, गोठ्यात, कुंड्यांत आणि शेतात बारीक माश्या, मिज म्हणतात त्या, फार दिसायल्यात. सगळ्या ५ मिमीच्या आतल्या. मोबाइलला क्लिपचं मॅक्रो भिंग लावून काढलेली चार प्रचि (प्रकाशचित्रं) देतोय.

प्रचि १ – ट्यूबलाइटखालची भिंत. हिरवट अंग, साधारण ४ मिमी, डोक्यावर पिसासारख्या मिशा.
प्रचि २ – गोठ्याची खिडकी. करडी, दीड-दोन मिमी. पंखांवर डाग असावेत, पण नक्की कळत नाही.
प्रचि ३ – उशिरा पेरलेली खरीप ज्वारी, फुलोऱ्यातलं कणीस. पोट नारिंगी.
प्रचि ४ – तुळशीची कुंडी. काळी, अडीच मिमी.

अ‍ॅप (फोटोवरून नाव सांगणारं) कधी 'डास' म्हणतंय, कधी युरोपातल्या एखाद्या जातीचं पूर्ण नाव देतंय. घरोघरी एकच उपाय चाललाय, सगळ्यांवर सरसकट फवारा. तर प्रश्न दोन. या चार नेमक्या कोण? आणि फोटोवरून नाव कुठवर खात्रीनं सांगता येतं, त्यासाठी फोटोत काय यायला हवं?

दोनपंखी

चारही वेगवेगळ्या कुळांतल्या आहेत आणि एकही डास नाही. एकेक घेऊ.

प्रचि १: कायरोनोमिडी कूळ, न चावणारी मिज. हा नर आहे, पिसासारख्या मिशा नरालाच असतात. डासाच्या नरालाही त्या असतात, म्हणून मिशांवर जाऊ नका, तोंड बघा. डासाला डोक्यापुढे लांब सरळ सोंड असते, हिला ती नाही. दुसरी खूण बसण्यात आहे. ही मिज पुढचे दोन पाय उचलून समोर धरते, डास मागचे दोन वर वळवतो. तिसरी खूण पंख: तुमच्या फोटोत पोटाचं टोक पंखाच्या बाहेर आलंय आणि शिरांवर खवले नाहीत. डासाच्या शिरांवर आणि पंखाच्या कडेला खवल्यांची झालर असते.

प्रचि २: आकार, गोठा आणि पोटावर एकावर एक सपाट ठेवलेले पंख बघता सेराटोपोगोनिडी, म्हणजे चावणारी मिज. डाग खरेच असतील तर क्युलिकॉइडिस वंशाची शक्यता मोठी. पण हा फोटो तिरका आहे आणि पंखावर फ्लॅशची चमक आलीय. यावर मी कुळाच्या पुढे जाणार नाही.

प्रचि ३: सेसिडोमायिडी, गाठमाश्यांचं कूळ. मण्यांच्या माळेसारख्या लांब मिशा, पंखांत जेमतेम तीन-चार शिरा. फुलोऱ्यातल्या ज्वारीवर नारिंगी पोटाची, तर ज्वारीची मिजमाशीच धरा. इथं यजमान पीक हीच निम्मी ओळख आहे.

प्रचि ४: सायरिडी, कुंडीतल्या ओल्या मातीची बुरशीमाशी. हिला सैलपणे मिज म्हणतात, पण ती वेगळी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बऱ्या फोटोवरून कूळ जवळजवळ नेहमी, उपकूळ किंवा वंश कधी कधी, जात क्वचित. कायरोनोमिडीच्या जगभरात ७,००० हून जास्त जाती नोंदल्या आहेत आणि बहुतेक एकमेकींपासून वेगळ्या होतात त्या नराच्या जननांगावरून, तेही स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली.

कंबरतलाव

प्रचि १ वाल्यांनी संध्याकाळी कंबर तलावाच्या काठानं चालणं अवघड करून ठेवलंय. माणसागणिक डोक्यावर एक ढग. तोंड उघडून बोललं की नाश्ता होतोय. ते सगळे नरच असतात काय ओ?

दोनपंखी

@कंबरतलाव, होय, बहुतेक नरच. तो वीणथवा असतो. आजूबाजूच्यापेक्षा उंच किंवा उठून दिसणारी वस्तू (झुडूप, खांब, माणसाचं डोकं) धरून नर तिच्यावर घिरट्या घालतात. मादी थव्यात शिरते, जोडी जुळते आणि दोघं बाहेर पडतात. त्या बारीक मिशांच्या पिसांनी नराला मादीच्या पंखांचा आवाज टिपता येतो. थव्याचा फोटो ओळखीला कामाचा नाही, पण पांढरा रुमाल एकदा फिरवला तर त्यावर दोन-चार बसतात, त्यांचा फोटो घ्या.

शंकासुर

मला हे 'कुळावर थांबा' पटत नाही. अ‍ॅपनं प्रचि १ ला कायरोनोमस प्लुमोसस म्हटलंय आणि फोटो जुळवून पाहिला तर हुबेहूब तसाच आहे. लाखो फोटोंवर शिकलेलं यंत्र आहे ते. माणसाच्या नजरेपेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवायला काय हरकत?

दोनपंखी

@शंकासुर, यंत्र शिकलं ते ज्यांचे फोटो त्याला मिळाले त्यांच्यावरूनच. मिजचे नाव लावलेले बहुतांश फोटो युरोप-अमेरिकेतले. आपल्याकडच्या जातीचा एकही फोटो त्यानं पाहिला नसेल तर ते सगळ्यात जवळचं माहीत असलेलं नाव देतं. 'हुबेहूब'चं म्हणाल तर हिरवट अंग आणि पिसाच्या मिशा या खुणा कायरोनोमसशिवाय कितीतरी वंशांत आहेत.

पण कुळाच्या पुढे एक पायरी खरंच जाता येते. फोटोत पुढचा पाय आडवा, पूर्ण, न वाकलेला हवा. पोटरीचा खंड आणि त्यापुढचा पावलाचा पहिला खंड, दोन्ही स्क्रीनवर मोजा. पावलाचा पहिला खंड पोटरीपेक्षा लांब असेल तर बहुधा कायरोनोमिनी उपकूळ. आखूड असेल तर ऑर्थोक्लाडिनी किंवा टॅनिपोडिनी. या दोघी वेगळ्या करायला पंख बघावा लागतो: मधली शीर आणि तिच्या मागची शीर यांना जोडणारी आडवी शीर टॅनिपोडिनीत असते, ऑर्थोक्लाडिनीत नसते. टॅनिपोडिनीचे पंख बऱ्याचदा केसाळ किंवा ठिपक्यांचे असतात.

एकरुखकरांच्या प्रचि १ मध्ये उजवा पुढचा पाय नीट दिसतोय. पोटरी १०० धरली तर पुढचा खंड १४० च्या आसपास भरतो. म्हणजे कायरोनोमिनी. एवढं ठामपणे लिहा, वंशाचं नाव नको.

शंकासुर

मोजून पाहिलं, १३७ आलं. उपकूळ मान्य. पण मग आयनॅचरलिस्टवर (लोक जीवांचे फोटो टाकून एकमेकांच्या ओळखी तपासतात ती साइट) 'रिसर्च ग्रेड' शिक्का लागलेल्या नोंदी असतात, त्यांचं काय?

नोंदवही

तो शिक्का ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की लागतो. दोघांनी अ‍ॅपची सूचना डोळे मिटून दाबली तरी लागतो. मिजसारख्या गटात शिक्क्यापेक्षा प्रतिसादात कारण लिहिलंय का ते बघा: 'शीर अमुक ठिकाणी फुटते, म्हणून'. आणि स्वतः नोंद टाकताना नाव कुळावर ठेवा. वरच्या पातळीची बरोबर नोंद पुढे कुणीतरी खाली नेऊ शकतो. चुकीच्या जातीची नोंद मात्र वितरणाच्या नकाशावर जाऊन बसते आणि पुढचं अ‍ॅप तिच्यावरच शिकतं.

काळीमाती

प्रचि ३ बद्दल. ती ज्वारीची मिजमाशीच, स्टेनोडिप्लोसिस सॉर्गिकोला. जुन्या पुस्तकांत काँटॅरिनिया सॉर्गिकोला या नावानं सापडेल. हिच्यासाठी माशीचा फोटो हा दुय्यम पुरावा, कणसाचा फोटो मुख्य.

माशी सकाळी बाहेर पडते. नर काही तासांत मरतो, मादी जेमतेम एक-दोन दिवस जगते आणि तेवढ्यात फुलणाऱ्या दाण्यांच्या तुसांत एकेक अंडं घालत सुटते. म्हणून फोटो सकाळी ८ ते ११ मध्ये घ्या. दुपारी गेलात तर कणीस रिकामं दिसेल आणि मिज नाही असा समज होईल. अळी दाणा धरण्याआधीच बीजांडकोश शोषते, दाणा भरतच नाही. लांबून कणीस करपल्यासारखं दिसतं, हातात घेतलं तर तुसं पोकळ लागतात.

आता तुमचाच प्रचि ३ मोठा करून बघा. वरून तिसऱ्या फांदीवर, माशीच्या डावीकडे एका तुसाच्या टोकाला पांढरं, कागदासारखं, अर्धवट बाहेर आलेलं काहीतरी आहे. ती कोषाची कात. माशी निघून गेल्यावर ती तुसाच्या टोकाला अडकून राहते. माशी दिसली नाही तरी ही कात पुरेशी आहे.

आणि त्याच फांदीवर खाली जी चकचकीत काळी-निळसर माशी आहे ती मिज नव्हे. तिला चार पंख आहेत आणि मिशा कोपरात वाकलेल्या. ती मिजच्या अळीवर वाढणारी परजीवी गांधीलमाशी. ती बाहेर पडते तेव्हा तुसाच्या बाजूला बारीक गोल भोक पाडून पडते, टोकाला कात राहत नाही. टोकाला कात म्हणजे मिज, कुशीत भोक म्हणजे मित्रकीटक. दोन्ही मोजून लिहा.

हुरडा

मालदांडीवर पण येती का ही? आमच्याकडं डिसेंबरात फुलोरा असतोय.

काळीमाती

@हुरडा, मिजमाशी मुख्यतः खरिपाची कीड. रब्बीचा फुलोरा थंड, कोरड्या हवेत येतो, तेव्हा ती फारशी नसते. धोका उशिरा पेरलेल्या खरिपाला, त्यातही आजूबाजूला मागंपुढं पेरलेली शेतं असतील तर. पहिल्या शेतावर पिढी वाढते आणि दुसऱ्या शेताचा फुलोरा तिला आयता मिळतो. अंड्यापासून माशी व्हायला दोन आठवडे पुरतात. म्हणून गावानं एकाच वेळी पेरणी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. दुसरा म्हणजे मळणीनंतरचं भुसकट बांधावर तसंच टाकू नका. काही अळ्या तुसातच पातळ कोश करून पुढच्या हंगामापर्यंत निपचित राहतात.

फवारायचं का, हे कणसं मोजल्याशिवाय ठरवू नका. निम्मा फुलोरा आला असताना कणसामागे सरासरी एक माशी हा सर्वसाधारण इशारा मानतात. औषध आणि मात्रा कृषी विज्ञान केंद्राला विचारा. फोटो आणि मोजणी बरोबर न्या.

गच्चीबाग

प्रचि ४: मला ती काळी माशी, सिम्युलिडी वाटतेय. पाठीला कुबड दिसतंय आणि रंगही काळा. ती तर चावते ना? कुंडी घरात असेल तर सांभाळा.

दोनपंखी

@गच्चीबाग, कुबड सायरिडीलाही थोडं असतं. मिशा बघा: फोटोत त्या डोक्याच्या कितीतरी पट लांब, बारीक आणि वाकलेल्या आहेत. सिम्युलिडीच्या मिशा आखूड आणि जाड, जेमतेम डोक्याएवढ्या. तिचे पंख रुंद, पंख्यासारखे. याशिवाय सिम्युलिडीच्या अळीला वाहतं पाणी लागतं, कालव्याचं दार, ओढ्यातले दगड. कुंडीत ती वाढूच शकत नाही.

खात्री हवी असेल तर पंखाच्या मधली शीर बघा. सायरिडीत ती लांब देठावर जाऊन दोन फाट्यांत उघडते, उमललेल्या ट्युलिपसारखी.

गच्चीबाग

मिशांचं मान्य. सायरिडी असेल तर कुंडीवाल्यांसाठी लिहून ठेवते. मातीवर बटाट्याची पाऊण सेंमी जाड चकती ठेवा. दोन-तीन दिवसांनी उलटा, खाली पारदर्शक अंग आणि काळं चकचकीत डोकं असलेल्या अळ्या दिसतील. त्या अळीचा फोटो माशीच्या फोटोइतकाच उपयोगी. उपाय सरळ आहे. वरची २-३ सेंमी माती पूर्ण वाळू द्या, मगच पाणी. ताटलीत साचलेलं पाणी ओता. पिवळे चिकट कागद मातीला लागून आडवे ठेवा, उंच टांगून फार येत नाहीत. तरीही हटल्या नाहीत तर बीटीआय जिवाणूची पावडर पाण्यातून. तुळशीला वरून कीटकनाशक मारू नका, पानं खाल्ली जातात.

भिंगवाला

आता फोटोंकडे या, कारण अर्धे वाद फोटोमुळे होतायत.

सगळ्यात आधी: व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवाल तर तो आकसतो आणि तारीख-ठिकाणाची माहितीही गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. प्रचि २ तसाच आकसलेला दिसतोय, जवळून पाहिलं तर चौकोन चौकोन आहेत. डाग की चौकोन, हे कुणीही सांगू शकणार नाही.

मोबाइलवर पोर्ट्रेट मोड बंद. आपोआप धार काढणारं 'एआय' जे काही असेल ते बंद. ते नसलेले केस तयार करतं आणि मिजमध्ये केस ही खूण आहे. प्रो मोड असेल तर रॉ (न आकसलेली मूळ फाइल) घ्या. क्लिपचं भिंग मुख्य कॅमेऱ्यावरच बसवा. माशीपासून अंतर साधारण २ सेंमी राहतं. फोकस कुलूप करा आणि मोबाइल हलकेच पुढे-मागे झुलवत सलग फोटोंची फैर झाडा. वीसातला एक कामाचा निघतो.

कॅमेरा असेल तर हिशेब असा. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद, आडवे ६००० पिक्सेल. १:१ वर (माशी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा) १ मिमीला सुमारे २५५ पिक्सेल मिळतात. दोन मिमीची माशी ५१० पिक्सेल. मिशीचा एक खंड ०.०५ मिमीचा धरला तर बारा-तेरा पिक्सेल. म्हणजे १:१ ला मिशीचे खंड मोजता येतील न येतील अशी अवस्था. २:१ हवं. जुनी ५० मिमीची लेन्स उलटी लावली तर जवळजवळ १:१, २८ मिमीची उलटी लावली तर दुपटीच्या आसपास. जुनी का, तर तिच्यावर छिद्राची (अ‍ॅपर्चरची) कडी असते, उलटी लावल्यावर हातानं छिद्र लहान करता येतं. नव्या लेन्सला ती सोय बहुधा नसते, मग छिद्र उघडंच राहतं आणि फोकसची खोली कागदाएवढी होते.

छिद्र एफ ८ पेक्षा फार लहान करू नका. १:१ ला एफ ८ हे प्रत्यक्षात एफ १६ सारखं वागतं, २:१ ला एफ २४ सारखं. त्यापुढे चित्र मऊ पडतं आणि शिरा विरघळतात. खोली १:१ ला अर्धा-पाऊण मिमी, २:१ ला पाव मिमी. म्हणून पंख सेन्सरला समांतर हवा, नाहीतर मुळाशी धारदार आणि टोकाशी धुरकट.

भिंगवाला

(वरच्यातच जोडायचं राहिलं.) पार्श्वभूमी. डाग बघायचे असतील तर पंख पांढऱ्यावर हवा: स्नानगृहाची पांढरी टाइल उत्तम. शिरा बघायच्या असतील तर काळ्यावर: काळ्या कागदावर बाजूनं प्रकाश टाकला की पातळ पंखात इंद्रधनुषी पट्टे उमटतात आणि शिरा त्यांतून वेगळ्या उठतात. एकाच माशीचे दोन्हीवर फोटो घ्या. नक्षीदार चादर, टेबलक्लॉथ नको. सोलापुरात राहून चादरीला नाही म्हणणं जड जातंय, पण नको.

फ्लॅश थेट मारू नका, प्रचि २ ची चमक त्याचीच. दुधी प्लास्टिकचा तुकडा मध्ये धरा, माशीच्या जितका जवळ तितका प्रकाश मऊ. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कॅमेरा फसतो आणि चित्र करडं काढतो, एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा.

माळरान

बसतच नाही ती माशी, टाइलवर न्यायची कशी?

भिंगवाला

@माळरान, पारदर्शक झाकणाची लहान डबी भिंतीवरच तिच्यावर उपडी ठेवा, खालून जाड कागद सरकवा. डबी फ्रीजमध्ये पाचेक मिनिटं, फ्रीझरमध्ये नाही. डबीत पाण्याचा थेंबही नको, पंख चिकटले की संपलं. बाहेर काढल्यावर मिनिट-दीड मिनिट ती सुस्त असते. कॅमेरा आधीच लावून फोकस पट्टीवर जुळवून ठेवा, मग डबी उघडा. ऑक्टोबरच्या दुपारी मिनिटही मिळत नाही, सकाळी करा.

माप: माशी उडाल्यावर फोकस न हलवता त्याच जागी मिमीची पट्टी ठेवून एक फोटो. 'बारीक', 'अगदी लहान' याला ओळखीत किंमत नाही. १.५ मिमी आणि ४ मिमी यात कूळ बदलतं.

मेंढवाडा

प्रचि २ कडे सगळ्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं. गोठ्यातली चावणारी मिज म्हणजे नुसती खाज नव्हे. क्युलिकॉइडिसच्या माद्या मेंढ्यांमध्ये नीलजिव्हा रोगाचा, म्हणजे ब्लूटंगचा विषाणू नेतात. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ ची आणि ती महाराष्ट्रातलीच. पावसाळ्यात आणि नंतर, ओल आणि शेणमाती असते तेव्हा मिज वाढते आणि त्यामागोमाग रोग दिसतो. सांगोला-मंगळवेढा पट्ट्यात मेंढरं किती आहेत हे सांगायला नको.

मेंढीला ताप, नाका-तोंडातून स्राव, ओठ-तोंड सुजणं, लंगडणं यातलं काही असेल तर मिजच्या फोटोची वाट न बघता पशुवैद्यकाला बोलवा. पाच सेरोटाइपवरची (विषाणूच्या पाच प्रकारांवरची) निष्क्रिय विषाणूची लस भारतात तयार झालेली आहे. हंगामाआधी टोचून घ्या.

मिज गोठ्यात कमी करायची तर अळीची जागा मोडा: शेणमिश्रित ओला चिखल, पाण्याच्या टाकीखालची सततची गळती, मुताची नाली. साधी मच्छरदाणी तिला अडवत नाही, भोकांतून आरपार जाते. बारीक विणीची जाळी किंवा गोठ्यात जोराचा पंखा लावा. इतकी हलकी माशी वाऱ्यात टिकत नाही.

कंबरतलाव

म्हणजे भिंतीवरची हिरवी निरुपद्रवी आणि गोठ्यातली करडी घातक. आणि फवारा बसतोय हिरवीवर, कारण तीच डोळ्यांना दिसते.

दोनपंखी

@कंबरतलाव, म्हणूनच हा धागा हवा होता. हिरवी चावत नाही, तिचं प्रौढ आयुष्य काही दिवसांचं आणि त्यात ती जवळपास काही खात नाही. पण अगदी निरुपद्रवी असंही लिहू नका. मोठ्या प्रमाणात असली की तिच्या अंगाची धूळ काहींना दमा आणि अ‍ॅलर्जी देते. सुदानमध्ये नाईलच्या काठी अशा मिजमुळे दम्याची मोठी तक्रार नोंदली गेलेली आहे. कारण तिच्यातलं हिमोग्लोबिन. ज्या वंशांच्या अळ्या लाल असतात (मत्स्यपेटीच्या दुकानातले 'ब्लडवर्म' त्याच) त्या कमी प्राणवायूच्या गाळात त्याच हिमोग्लोबिनवर तगतात. सांडपाणी शिरलेल्या तलावात बाकीचे जीव हटतात आणि या राहतात, म्हणून शहराजवळच्या तलावांकाठी ढग मोठे. भिंतीवर फवारून तलावातल्या अळ्या कमी होत नाहीत. बाहेरचा पांढरा दिवा काढून पिवळसर लावा, ३,००० केल्विन किंवा त्याखालचा, आणि तो दारापासून लांब लावा. फरक दुसऱ्या संध्याकाळी दिसतो.

नोंदवही

अवांतर: मिज म्हणून येणाऱ्या फोटोंत बाकीही बरेच असतात. न्हाणीघराच्या भिंतीवरची केसाळ, पानासारखे पंख छपरागत मिटलेली ती सायकोडिडी, नळीमाशी. त्याच कुळातली वाळूमाशी मात्र पंख उभे, इंग्रजी व्ही सारखे धरते. ती रक्त पिते आणि चांदीपुरा विषाणू नेते, तिचा फोटो मिळाला तर इथं जरूर द्या. पिकल्या केळ्यावरची लाल डोळ्यांची ती फळमाशी, चिलट. डोळ्यांपाशी घोंगावणारी चिलटं आणखी वेगळ्या कुळातली. तुरीच्या शेंगेतली काळी माशीही मिज नाही.

माळरान

चतुराच्या पंखाच्या शिरांवर बारीक गोळे चिकटलेले असतात, ते कोचिड की मिज?

दोनपंखी

@माळरान, दोन्ही असू शकतात. पंख नसतील, पाय सहा आणि अंग लाल गोल असेल तर पाण्यातल्या माइटची (कोचिडाच्या नात्यातली) अळी, ती बहुतेक चतुराच्या छातीच्या किंवा पोटाच्या खालच्या बाजूला घट्ट गुच्छानं असते. पंखाच्या शिरेला तोंड खुपसून बसलेली, स्वतःला दोन पंख असलेली, फुगलेल्या पोटाची असेल तर फोर्सिपोमाया वंशातली चावणारी मिज. ती चतुराच्या शिरेतला रस पिते. चतुर सकाळी गारठलेला असताना फोटो सोपा.

एकरुखकर

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे गोठ्यातली मिज पुन्हा पकडून फ्रीज, पांढरी टाइल, काळा कागद, पट्टी असं सगळं केलंय. फोटो डॉक्युमेंट म्हणून चढवलेत.

प्रचि ५ – पांढऱ्या टाइलवर, वरून. अंगाची लांबी १.६ मिमी.
प्रचि ६ – तीच, काळ्या कागदावर, पंख जरा उघडलेला.
प्रचि ७ – बाजूनं, पोट.

हिचं पोट प्रचि २ पेक्षा वेगळं, लालसर-जांभळं दिसतंय. रक्त प्यायलेली आहे का?

दोनपंखी

@एकरुखकर, हे तीन फोटो असतील तर खूप काही लिहिता येतं.

प्रचि ६ मध्ये मधली शीर दोन फाट्यांत फुटून कडेला पोहोचलीय. कायरोनोमिडीत ती फुटत नाही. कूळ पक्कं: सेराटोपोगोनिडी. पुढच्या कडेला, पंखाच्या मध्याच्या जरा पुढे दोन लहान बंद कप्पे दिसतात, आणि जाड शीर तिथंच संपते. त्याबरोबर प्रचि ५ मध्ये फिकट आणि गडद डागांची नक्षी स्पष्ट आहे. मिशांवर केस विरळ, म्हणजे मादी. वंश क्युलिकॉइडिस, हे आता फोटोवरून ठामपणे.

मेंढवाडा

पोटाबद्दल: ताजं रक्त प्यायलेली असती तर पोट फुगलेलं आणि तेजस्वी लाल दिसलं असतं, आतून गोळा भरल्यासारखं. प्रचि ७ मध्ये पोट सपाट आहे आणि जांभळट रंग कातडीखाली पसरलेला आहे. हे रंगद्रव्य एकदा अंडी घालून झालेल्या मादीत साठतं. याचा अर्थ हिनं आधी कधीतरी रक्त प्यायलंय, आणि विषाणू नेऊ शकणारी मादी ती हीच. नीलजिव्हेच्या पाहणीत सापळ्यातल्या माद्या या रंगावरून वेगळ्या मोजतात. तुमच्या फोटोतून हे दिसणं मोलाचं आहे.

शंकासुर

आणि जात? डाग तर इतके स्पष्ट आहेत.

दोनपंखी

@शंकासुर, डागांवरून गट सुचतो, पण जवळच्या जातींची नक्षी एकमेकींत मिसळते. जातीसाठी मादी हवी हातात. ७० टक्के अल्कोहोल असलेल्या लहान काचेच्या कुपीत ठेवा. डीएनए करायचा असेल तर ९५ टक्के आणि थंड जागा. जेलचा सॅनिटायझर चालत नाही, केस चिकटतात. कुपीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आत टाका: गाव, तारीख, गोठा की भिंत, कुणी पकडली. शाई अल्कोहोलमध्ये उतरते. स्लाइडसाठी पंख वेगळा काढतात, बाकी अंग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक करून डोकं, छाती, पोट वेगवेगळं मांडतात.

एकरुखकर

अल्कोहोलच्या कुप्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातून मिळतील असं कळलंय. धाग्याच्या वर चारही प्रचिंखाली आता ही नावं टाकतोय: १) कायरोनोमिनी, नर. २) क्युलिकॉइडिस, मादी, प्रचि ५-७ वरून. ३) ज्वारीची मिजमाशी, कणसावरच्या कातीसह. ४) सायरिडी. गोठ्याच्या टाकीखालची गळती उद्या बंद होईल. तुळशीचं पाणी आजपासून कमी केलंय.

काळीमाती

प्रचि ३ खाली परजीवी गांधीलमाशी पण लिहा. आणि उद्या सकाळी कणसं मोजलीत तर काती आणि भोकं वेगळी मोजा, शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून. कडेच्या ओळींत मिज जास्त असते, तेवढ्यावरून फवारणी ठरवू नका.